एल्कच्या कळपापासून वैरण आणि कुंपण कसं वाचवावं

वाशिमकडे आमच्या हरभऱ्यावर रोही, म्हणजे नीलगायी, यायचे, म्हणून बाबा हिवाळाभर जागलीला जायचे. मी आता अमेरिकेत मोंटानाच्या बिटररूट खोऱ्यात लसूणघासाचं शेत करतो आणि हिवाळाभर एल्कवर, म्हणजे इकडच्या दांडग्या हरणांवर, डोळा ठेवतो. फोनवर बाबांचा प्रश्न ठरलेला असतो, "आला का तुझा रोही?" येतो. एकटा नाही, साठेकांचा कळप घेऊन येतो.

इकडच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, म्हणजे मोंटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडोत थोडी जमीन घेऊन चार गुरं-घोडी पाळणाऱ्या दोघा-तिघा ओळखीच्यांनी गेल्या दोन वर्षांत हेच विचारलं: कुंपण रोज तुटतंय, गंजी कुरतडली जातेय, काय करू? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी पाहुणा ओळखा

एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने त्याहून दांडगा. नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. खांद्याशी पाच फूट उंची. (युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो वेगळा, इकडचा मूस.) उन्हाळ्यात हे डोंगरावर जंगलात असतात. बर्फ पडला की खाली खोऱ्यात उतरतात, आणि खोऱ्यात त्यांच्या जुन्या हिवाळी कुरणांवर आता आपली शेतं आहेत. कळप बहुधा एखाद्या जाणत्या मादीच्या मागे चालतो. तिला एकदा तुमच्या गंजीची वाट कळली की पुढच्या वर्षी पत्ता विचारायला लागत नाही.

ठसा हरणापेक्षा मोठा आणि गाईच्या खुरापेक्षा लहान, गोलसर असतो. लेंड्या बकरीसारख्या, पण ठसठशीत. येतात ते संध्याकाळी अंधार पडता पडता, आणि उजाडायच्या आत झाडीत गेलेले असतात. त्यामुळे पहिले काही दिवस आपण शेजाऱ्याच्या गुरांवर संशय घेतो. मीही घेतला होता.

मग हिशोब करा

एक एल्क दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण सहज खातो. साठ जनावरं म्हणजे रोजची चारशे किलो. माझा एक गोल गठ्ठा सहाशे किलोचा, तो दीड दिवसात गेला असं धरा. खाल्लेल्याचं दुःख त्या मानाने कमीच म्हणायचं. गठ्ठे उधळतात, त्यावर उभे राहतात, मुततात, आणि त्या वासाची वैरण गाय पुढे टाकली तरी तोंडात धरत नाही. आठवडाभरात गंजीची जी बाजू उकिरड्यासारखी होते ती पुन्हा गव्हाणीत जात नाही.

आता कुंपणाचा हिशोब. नवख्या माणसाला पहिल्यांदा सुचतं ते हेच, की सगळ्या शेताला उंच जाळी मारून टाकू. एल्क अडवायचा तर जाळी आठ फुटी लागते, त्याखाली चालत नाही. चाळीस एकरांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याचा परीघ बरोबर एक मैल, म्हणजे ५२८० फूट. आठ फुटी जाळीचा रोल बहुधा ३३० फुटांचा मिळतो. म्हणजे १६ रोल, त्यावर बारा फुटी लाकडी खांब शेकड्यांनी, आणि ठोकायला माणसं. एवढं करून तुम्ही फक्त कळप शेजाऱ्याच्या शेतात ढकलला. आणि एखादं झाड पडून जाळी एका जागी वाकली की कळप आत येतो आणि आतच अडकतो, मग त्याला बाहेर काढण्याची मजा वेगळीच.

तेच, गंजीसाठी ६० बाय १०० फुटांचा वाडा केला तर परीघ ३२० फूट. एका रोलमध्ये काम भागतं. शंभर-सव्वाशे गोल गठ्ठे त्यात आरामात बसतात आणि ट्रॅक्टर फिरायला जागाही उरते.

म्हणून माझं सरळ सांगणं आहे: वैरण कोंडा, शेत मोकळं सोडा. शेताच्या कुंपणाने गुरं आत राहिली म्हणजे झालं, एल्कला त्यातून जाऊ द्यायचं. खालच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यावर उभ्या आहेत.

गंजीचा वाडा

हे काम सप्टेंबरात करा. नोव्हेंबरात जमीन गोठते आणि मग खड्डा खणणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. घराच्या खिडकीतून गंजी दिसली पाहिजे, पण घराला किंवा गोठ्याला चिकटून नको, कारण ओलसर बांधलेली वैरण आतून तापून पेट घेते. जमीन थोडी उंचवट्याची हवी, वसंतात बर्फ वितळला की पाणी खालून भिजवायला नको. आणि झाडीच्या किंवा ओढ्याच्या कडेला वाडा करू नका. एल्कला आडोसा सोडून उघड्यावर यायला लागलं तर तो दहादा विचार करतो.

चौथी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वाऱ्याने बर्फ कुठे साठतो ते आदल्या हिवाळ्यात बघून ठेवा. माझ्या पहिल्या वाड्याच्या उत्तरेच्या बाजूला बर्फाचा ढीग साठून दगडासारखा घट्ट झाला, जाळीच्या अर्ध्या उंचीपर्यंत. आठ फुटांचं कुंपण त्या बाजूने चार फुटांचं झालं. कळप त्यावरून चढून आत उतरला, जसा काही मी त्यांना घाटच बांधून दिला होता.

खणायच्या आधी ८११ वर फोन करा. जमिनीखालच्या वायर आणि गॅसच्या नळ्या कुठून जातात ते येऊन खुणा करून देतात, पैसे पडत नाहीत.

खांब बारा फुटी घ्या, साडेतीन ते चार फूट जमिनीत जातील. दोन खांबांत १६ फुटांपर्यंत अंतर चालतं. सगळा जोर कोपऱ्यांवर येतो, तिथे जाड खांब आणि इंग्रजी एच अक्षरासारखा आधार लागतोच: कोपऱ्याचा खांब, त्याच्या शेजारी आठेक फुटांवर दुसरा, दोघांमध्ये आडवं लाकूड, आणि तिरपी तार. ही तिरपी तार कुठून कुठे जाते यात निम्मे लोक चुकतात. ती कोपऱ्याच्या खांबाच्या बुंध्यापासून निघून शेजारच्या खांबाच्या माथ्याला गेली पाहिजे. उलट बांधली तर जाळी ताणली की कोपरा हळूहळू आत झुकतो आणि वसंतात सगळं कुंपण पोट सुटल्यासारखं लोंबतं.

जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने लावा. एल्क बाहेरून रेटणार, तेव्हा जाळी खांबावर टेकली पाहिजे. आतून लावली तर त्यांच्या धक्क्याने खिळे निघून येतात. यू आकाराचे खिळे पूर्ण ठोकू नका, तार त्यातून सरकण्याएवढी फट ठेवा. थंडीत तार आकसते, आणि खिळ्याने आवळून धरलेली तार तिथेच तुटते. जाळी खाली जमिनीला टेकलेली हवी. बारीक चौकटीची बाजू खाली, मोठ्या चौकटीची वर.

वैरण जाळीपासून चार फूट आत रचा. एल्कची मान लांब असते आणि भूक त्याहून लांब.

फाटक. इथे मी पैसे वाचवायला गेलो. आठ फुटी जाळीच्या वाड्याला गुरांसाठीचं नेहमीचं, साडेचार फुटी लोखंडी फाटक बसवलं. पहिल्याच बर्फात कळपाने सगळी जाळी सोडून नेमकं फाटकावरून येणं-जाणं सुरू केलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "वाड्याला भिंत किल्ल्याची आणि दार कोंबड्याच्या खुराड्याचं?" फाटक जाळीइतकंच उंच करा, १६ फूट रुंद करा म्हणजे ट्रॅक्टर वळून जातो, आणि खाली फट एका वितीपेक्षा जास्त ठेवू नका. बर्फ असताना फाटक बाहेर उघडत नाही, आत उघडणारं बसवा.

बर्फ पडून गेला असेल आणि वाडा नसेल तर

ही घाईची मलमपट्टी आहे. शेतात विखुरलेले गठ्ठे त्याच दिवशी एका जागी आणा. शेतात सोडलेला एकेक गठ्ठा म्हणजे गंजीपर्यंत नेणारी वाट असते. गंजीभोवती आठ फूट उंचीची प्लास्टिकची मजबूत जाळी गुंडाळून गठ्ठ्यांना आणि टी-पोस्टना (जमिनीत ठोकायच्या लोखंडी खांबांना) आवळून बांधा, किंवा लाकडी चौकटी उभ्या करा. आठवड्यातून दोनदा सैल झालेल्या गाठी बघाव्या लागतात. एक हिवाळा निघतो, दुसरा निघत नाही.

विजेच्या कुंपणाबद्दल सगळे विचारतात. उन्हाळ्यात चालतं. हिवाळ्यात दोन अडचणी येतात: एल्कच्या हिवाळी केसांतून झटका नीट लागत नाही, आणि कोरडा बर्फ व गोठलेली जमीन वीज परत जाऊ देत नाही, म्हणजे सर्किटच पुरं होत नाही. करायचंच असेल तर एक तार विजेची, एक तार अर्थिंगची अशा आलटून पालटून लावा, म्हणजे दोन्हींना एकदम नाक लागलं की जनावर दचकतं. आणि झटका यंत्राशिवाय कधीही नको. घरातल्या मीटरवरून थेट तार जोडून आपल्याकडे विदर्भात माणसं आणि वाघ मेले आहेत.

शेताचं कुंपण: तुटू नये म्हणून ठेंगणं करा

एल्क मुद्दाम कुंपण मोडत नाही. मोठी जनावरं उडी मारतात, आणि उडी अपुरी पडली की मागचे पाय वरच्या दोन तारांमध्ये अडकून कात्रीसारखी पकड बसते. मग एक तर तार तुटते, नाहीतर पाय. एल्कच्या वासरांना उडी जमत नाही, ती खालून किंवा मधून घुसतात. साठ जनावरं एकाच जागेतून जातात तेव्हा तिथे कुंपणाचं काय होतं ते सांगायला नको.

यावर मोंटानात चालत आलेला उपाय असा आहे, आणि तो गुरांनाही पुरतो. चार तारा: जमिनीपासून १६, २२, २८ आणि ४० इंचांवर. आकडे उगाच नाहीत. सगळ्यात वरची तार ४२ इंचांच्या वर नको, म्हणजे उडी पार होते. वरच्या दोन तारांमध्ये १२ इंचांचं अंतर, म्हणजे पायाची कात्री होत नाही. खालची तार १६ इंचांवर, म्हणजे वासरू पोटावर घसरत निघतं. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तार बिनकाट्यांची, काटे फक्त मधल्या दोनांना.

याहून एक पाऊल पुढे म्हणजे वरची तार दिसू द्या. कळप रात्री येतो, तार त्याला दिसत नाही. जिथून त्यांची रोजची वाट आहे तिथे वरच्या तारेवर पांढरा प्लास्टिकचा पाइप चिरून चढवा, किंवा वरच्या तारेऐवजी लाकडाची आडवी बल्ली लावा. बल्लीला पाय लागला तरी ती तुटत नाही, आणि जनावर तिचा अंदाज घेऊन उडी मारतं. सगळ्या कुंपणाला हे करायची गरज नाही. ठसे बघा, दोन-तीन जागाच निघतील.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, जो लोकांच्या पचनी पडत नाही: डिसेंबरात गुरं घराजवळच्या वाड्यात आणली की रिकाम्या शेताची फाटकं सताड उघडी ठेवा. आत राखायला काही नाही, मग दार लावून काय साधतं? माझ्या पूर्वेच्या कुंपणाचा एक तुकडा मी खांबांवर असा बांधला आहे की अडसर काढला की सगळ्या तारा जमिनीवर निजतात. वर्षाला दोनदा अर्ध्या तासाचं काम. पूर्वी त्याच जागी वसंतात तीन दिवस पक्कड घेऊन बसायचो.

गुरांना घालायची वेळ

वैरण सकाळी घाला, आणि दुपारपर्यंत संपेल एवढीच. संध्याकाळी गव्हाणीत पडून राहिलेली वैरण ही एल्कची मेजवानी असते. गुरं घराजवळ बांधलेली असतील तर अंगणातल्या दिव्याचाही थोडा उपयोग होतो.

दया येऊन त्यांच्यासाठी वेगळा गठ्ठा टाकायचा विचार मनात येतो. तो मनातच ठेवा. वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळ १९१२ सालापासून एल्कसाठी राखीव क्षेत्र आहे आणि तिथे हिवाळ्यात सरकार त्यांना खायला घालत आलं आहे, ते ऐकून लोकांना वाटतं आपणही घालावं. मोंटानात खासगी माणसाने हे करणं बेकायदेशीर आहे. एका ढिगावर तोंडं एकत्र आली की रोग पसरतात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा रोग गुरांनाही लागतो, आणि हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज मोंटानातल्या रानटी हरणांमध्ये २०१७ साली सापडला.

हाकलायचं कसं

लवकर हाकला. पहिल्या दोन रात्रींत कळप उठवला तर तो दुसरीकडे जातो, दोन आठवडे चरल्यावर तुमच्या आरोळ्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. गॅसवर चालणारी आवाजाची तोफ मिळते. ती एका जागी ठेवली तर चार-पाच दिवसांत कळप तिच्याशेजारी चरताना दिसतो. जागा बदला, वेळ बदला, आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर एल्कआधी शेजारी येतात. बुजगावण्याचा काही उपयोग नाही, त्याला फक्त मीच दोनदा दचकलो.

हाकलताना कळप कुठे जाणार ते बघा. आमच्या खोऱ्याच्या मधून ९३ नंबरचा महामार्ग जातो. रात्री त्या बाजूला कळप पिटाळणं म्हणजे कुणाच्या तरी गाडीवर तीनशे किलोचं जनावर घालणं. डोंगराकडची वाट मोकळी ठेवून मागून, सावकाश, ओळीने चाला. धावायला लावू नका. फेब्रुवारीनंतर माद्या पोटुशा आणि हडकुळ्या झालेल्या असतात, तेव्हा तर नकोच. आणि कुत्रं मागे सोडू नका. मोंटानात पाळीव कुत्र्याने एल्कचा पाठलाग केला तर मालकावर गुन्हा दाखल होतो.

सरकारी मदत

मोंटानात फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स हे खातं हे बघतं. रोख भरपाई इथे मिळत नाही, हे आधीच मनाशी धरा. कोलोरॅडो आणि वायोमिंगमध्ये तसा अर्ज करता येतो. इथे मिळतं ते सामान आणि माणूस: गंजीच्या वाड्यासाठी जाळी-खांब, तात्पुरत्या चौकटी, आवाजाची साधनं, आणि फारच झालं तर ठरावीक शिकाऱ्यांना पाठवून कळप पांगवणं.

त्याला अट आहे. शिकारीच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून पाचेक आठवडे, तुम्ही लोकांना तुमच्या जमिनीवर येऊ देता का, हे विचारलं जातं. 'शिकारीला बंदी' अशी पाटी लावून जानेवारीत मदत मागितली तर दार उघडत नाही. माळकरी घरातून आलेल्या माणसाला ही अट जड जाते, मलाही गेली. पहिल्या वर्षी मी पाटी लावली होती आणि वाड्याचा सगळा खर्च खिशातून केला. दुसऱ्या वर्षी पाटी काढली. ज्याने त्याने आपलं ठरवावं, पण सप्टेंबरात ठरवावं.

तक्रार करताना हातात पुरावा असू द्या. फोनवर तारीख उमटेल असे फोटो काढा: ठसे, लेंड्या, उधळलेला गठ्ठा, तुटलेली तार, आणि जमलं तर भल्या पहाटे कळपाचा. गठ्ठे किती होते आणि किती उरले ते वहीत लिहून ठेवा. अधिकारी येऊन पाहून जाईपर्यंत साफसफाई करू नका. हा आपल्याकडचा पंचनामाच, फक्त सरपंच नसतो.

वसंतातली फेरी

मार्च-एप्रिलमध्ये कळप वर जायला लागतो, नरांची शिंगं गळून पडतात. तेव्हा पक्कड, तार ताणायचं यंत्र, बादलीभर खिळे आणि तुटलेली तार जोडायच्या नळ्या घेऊन कुंपणाची एक पूर्ण फेरी मारा. तुटलेल्या तारांचे तुकडे गवतात सोडू नका, ते पुढे कापणीच्या यंत्रात तरी जातात नाहीतर गाईच्या पोटात. जिथे जिथे तार तुटली तिथे खांबावर रंगाची खूण करा, पुढच्या सप्टेंबरात पाइप आणि बल्ली कुठे लावायची ते तीच सांगते.

गळलेली शिंगं टायरमधून आरपार जातात, म्हणून ट्रॅक्टर काढायच्या आधी पायी फिरा. मग निजवलेल्या तारा उभ्या करा, सगळी फाटकं लावा, आणि त्यानंतर गुरं सोडा. हा क्रम मी एकदा उलटा केला आणि अकरा गाई चर्चच्या हिरवळीवरून हाकत आणल्या.